सदर कीटक

तिन्ही पिल्लं सुखरूप उडून गेली. रविवारी, अठरा मेला, सकाळी साडेआठ ते नऊच्या दरम्यान.

आता असं समजा की हे झालेलंच नाही. आमच्या सोसायटीत ही पद्धतच आहे. सेक्रेटरी विद्याधर पितळे मीटिंगचं इतिवृत्त मीटिंगच्या आदल्या दिवशी लिहून ठेवतात. मग दुसऱ्या दिवशी आपण सगळ्यांनी काही ठाऊक नसल्यासारखा चेहरा करून चर्चा करायची. लिफ्ट बंद पडली की तिसऱ्या दिवशी नोटीस लागते, 'लिफ्ट परवा बंद राहील.' आणि काही राहूनच गेलं, तर पितळेकाका खाली 'पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर' असं लिहितात. या तीन शब्दांच्या जोरावर ते गेली अकरा वर्षं मागे जाऊन जाऊन सगळं दुरुस्त करतायत. टाकीची गळती, वॉचमनची गैरहजेरी, एकदा तर झेंडावंदन.

तर, पिल्लं उडालेली नाहीत. पिल्लं अजून जन्मलेलीच नाहीत. मार्च संपत आलाय. नाहूर स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवर आमची बिल्डिंग आहे, तिसऱ्या मजल्यावर ३०४ मध्ये मी, प्रबुद्ध, एकटा आहे, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला एक भोक आहे.

भोक एक्झॉस्ट फॅनचं. फॅन जळला सप्टेंबरात, आई नागपूरला निघाली त्याच आठवड्यात. तिथे माझी बहीण रेवती असते आणि ती बाळंत व्हायची होती. आईने जाता जाता जळका फॅन काढला, मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा गोल कापला आणि आतून चिकटपट्टीने भोकावर लावला. पुठ्ठ्यावर 'ही बाजू वर' असा बाण आहे. तो खाली आलाय.

"चाळीस दिवसांत येते," ती म्हणाली. "तोवर नवीन फॅन बसवून घे."

चाळीस दिवसांनी बाळाचं नामकरण आलं. मग बाळाला सर्दी झाली. मग दात. बाळाच्या प्रत्येक दाताबरोबर आईचं तिकीट पुढे जातं, आणि माणसाला एकूण किती दात येतात हे मी शोधून पाहिलंय. पुढे चौदा एप्रिलला तरी ती येईल असं मी धरून चाललो होतो. पण त्या दिवशी तिने व्हिडिओ कॉलवरच वंदना घेतली. मी फोन बाबासाहेबांच्या फोटोसमोर धरून उभा होतो. "हात हलवू नको रे," ती म्हणाली, "बाबासाहेब तिरके दिसतायत." नंतर मी एकट्याने खीर केली. चार माणसांची झाली. माप मला तेवढंच येतं.

मी घरूनच काम करतो. पाणी शुद्ध करणारी मशीनं विकणारी एक कंपनी आहे, तिच्या ग्राहकांना चॅटवर उत्तरं देतो. दिवसाला साधारण दीडशे लोकांची माफी मागतो, तोंडातून एक शब्द न काढता. संध्याकाळी दुकानात ब्रेड मागायला तोंड उघडलं की आधी घसा खाकरावा लागतो.

आईने मागे ठेवलेल्या सामानात एकच गोष्ट तिच्या अंगाची होती. गुंतवळ. केस विंचरल्यावर कंगव्यात जे राहतात त्यांचा बोटावर गुंडा करून ती स्वयंपाकघराच्या ग्रिलला अडकवलेल्या पिशवीत टाकते. वर्षा-दोन वर्षांनी केसवाली येते. पिशवी हातात जोखते, नाक मुरडते आणि बदल्यात भांडं देते. आमच्या घरातली चहाची गाळणी, दोन वाट्या आणि एक झाकण नसलेला डबा हे सगळं आईच्या डोक्यातून आलेलं आहे.

तर मार्चच्या शेवटी त्या ग्रिलवर एक साळुंकी येऊन बसली. तपकिरी अंग, काळं डोकं, डोळ्याभोवती पिवळा चट्टा, आणि पितळेकाका दुसऱ्याची पार्किंग बघायला येतात तेव्हा असतो तसा भाव. तिने पिशवीत चोच घातली, आईच्या केसांचा एक गुंडा ओढून काढला आणि बाहेरच्या बाजूने भोकात शिरली. मागोमाग दुसरी आली. तिनेही एक गुंडा नेला.

मी एका ग्राहकाला 'कृपया प्रतीक्षा करा' असं पाठवलं आणि त्यांना हाकलायला उठलो. उठून मी काय केलं, तर पिशवीची गाठ सैल केली.

आठवड्याभरात पिशवी रिकामी झाली. भिंतीच्या जाडीत, पुठ्ठ्याच्या पलीकडे, आईच्या केसांचं घरटं तयार झालं.

आईचा फोन दर रविवारी अकराला असतो. त्या रविवारी नेमकं तिने विचारलं, "गुंतवळीची पिशवी आहे ना रे जागेवर?"

"आहे," मी म्हणालो. पिशवी होती.

"केसवाली आली तर देऊ नको हां. तुला गंडवेल ती. एक चमचा टेकवेल हातावर. मी आल्यावर बघते. यंदा पातेलं काढणार आहे मी तिच्याकडून."

'मी आल्यावर' हे दोन शब्द मी नीट ठेवून दिले. गेल्या कितीतरी रविवारांत ती असं काही बोलली नव्हती. मी ठरवून टाकलं की ती येईपर्यंत ते केस इथून हलता कामा नयेत. नवीन फॅन नको, भोक बुजवणं नको. पातेल्याचं काय ते ती आणि साळुंकी बघून घेतील.

एप्रिल संपता संपता पुठ्ठ्यामागे चिरचिर सुरू झाली. तीन वेगवेगळे आवाज. एक कायम उपाशी, एक मध्यम, आणि एक जो बाकीचे दोघे थांबल्यावर एकदाच ओरडायचा, उशिरा विनोद कळल्यासारखा. मी लॅपटॉप स्वयंपाकघरात आणला. भोकाखालीच टेबल लावलं. फोडणी बंद केली, कारण धूर त्यांच्याकडे जायचा. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा घरात माझ्याआधी कुणीतरी उठत होतं.

मग मला चावायला लागलं.

टाचणीच्या टोकाएवढे किडे. पुठ्ठ्याच्या कडेने बाहेर यायचे, भिंतीवरून उतरायचे आणि टेबलावरून माझ्या हातावर. बहुतेक घरट्यात जागा कमी पडत असावी. हातावर, मानेवर, कमरेला लाल गांधी उठल्या. खोटं का बोला, पहिल्या दिवशी मला थोडं बरंही वाटलं. खूप दिवसांत मला कुणी हात लावला नव्हता.

पण खाजवणं लपत नाही. ३०३ मधल्या उत्तराकाकू लिफ्टमध्ये भेटल्या आणि खाली जाता जाता माझ्याकडे निरखून बघायला लागल्या.

"हे काय रे हातावर?"

"काही नाही, काकू."

"काही नाही काय! मानेवर पण आहे. काय चावलं?"

इथे एक जुनं प्रकरण सांगायला हवं. महिन्यापूर्वी ४०१ च्या एसीमागचं कबुतराचं घरटं वॉचमनने लांब बांबूने पाडलं होतं. अंडी पितळेकाकांच्या स्कूटरवर पडली. इतिवृत्तात 'पक्षी स्थलांतरित' अशी नोंद आहे. मी आता खरं बोललो असतो, तर संध्याकाळपर्यंत तोच बांबू माझ्या भोकात आला असता. डास म्हटलं असतं, तर काकूंनी गांधी मोजल्या असत्या.

"ढेकूण," मी म्हणालो.

काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. तरी त्या दुसऱ्या मजल्यावर उतरल्या आणि जिन्याने गेल्या.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आपल्या इमारतीतील एका सदनिकेत (तिसरा मजला, लिफ्टसमोर, मातोश्री नागपूरला) सदर कीटक आढळून आले आहेत. गोपनीयतेच्या कारणास्तव सदनिका क्रमांक देता येत नाही.' सदर म्हणजे कोणते, हे नोटिशीत कुठेच नव्हतं. ढेकूण असं लिहिलं की बिल्डिंगची अब्रू जाते.

संध्याकाळी गच्चीवर अख्ख्या बिल्डिंगच्या गाद्या वाळत पडल्या. लिफ्टमध्ये मी शिरलो की बाकीच्यांना जिन्याचे फायदे आठवू लागले. वॉचमन माझं पार्सल झाडूने पुढे सरकवायला लागला. माझे आजोबा, कुंडलिक, जालन्याकडच्या त्यांच्या गावात पाणवठ्यावर असेच लांब उभे राहायचे, असं आई सांगते. त्यांना कुणी कारण दिलं नव्हतं. मला निदान ढेकूण तरी होते. म्हणजे तेही नव्हते.

पितळेकाकांनी दाराबाहेर उभं राहून, रुमाल नाकाला लावून निर्णय सांगितला. "पेस्ट कंट्रोल. तीन डोस. तीन सोमवार. कमिटीने मंजूर केलंय."

"कधी?"

"उद्या करेल."

पहिल्या सोमवारी दशरथ आला. पन्नाशीचा माणूस, पाठीवर औषधाची टाकी, डोक्यावर टोपी. देवनारहून येतो, म्हणाला. आत येऊन थेट माझी गादी उलटी केली आणि शिवणीवरून बोट फिरवलं.

"ढेकूण नाहीत."

"आहेत," मी म्हणालो.

"बावीस वर्षं हेच करतोय, भाऊ. ढेकूण असला की शिवणीला काळे ठिपके असतात. तुझी गादी माझ्या शर्टापेक्षा स्वच्छ आहे."

"लाजाळू असतील."

त्याने माझा हात धरून गांधी बघितल्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातून चिरचिर झाली. मी खोकलो. तो थांबला. पुन्हा चिरचिर झाली.

"हे काय?"

"मिक्सर."

दशरथ आत गेला. मिक्सर ओट्यावर होता, वायर गुंडाळलेला. त्याने पुठ्ठ्याचा एक कोपरा अलगद सोलला आणि फटीतून टॉर्च मारला. मी त्याच्या आणि भोकाच्या मध्ये उभं राहायचा प्रयत्न केला, पण भोक माझ्या डोक्याच्या वर आहे. त्यामुळे मी नुसताच त्याच्या जवळ उभा राहिलो.

"साळुंकीची पिल्लं," तो म्हणाला. "तीन. आणि हे केस कुणाचे एवढे?"

"आईचे."

दशरथने टॉर्च बंद केला. टोपी काढली. मान खाली घालून उभा राहिला.

"नागपूरला असते," मी म्हणालो. "बहिणीकडे."

त्याने टोपी परत घातली. "आधी सांगायचं ना, यार."

"दशरथभाऊ, औषध मारू नका. एवढी उडेपर्यंत थांबा. मग काय ते करा."

तो पुठ्ठा परत चिकटवत होता. "डोळे उघडलेत त्यांचे," तो म्हणाला. "नुसती अंडी असली तर मी काढतो. डोळे उघडले की हात लावत नाही. नियम आहे."

"कंपनीचा?"

"माझा." मग जरा विचार करून, "पण तुमच्या सेक्रेटरीला वास लागतो. वास नाही आला तर काम झालं असं मानत नाही तो माणूस."

म्हणून त्याने माझ्या दारापासून जिन्यापर्यंत फिनेल शिंपडलं आणि टाकी नळाखाली भरून हॉलभर साधं पाणी फवारलं. उकाडा बराच कमी झाला. मग आम्ही चहा प्यायलो. दोन कप एकदम विसळायची वेळ या घरात सप्टेंबरनंतर त्या दिवशी आली.

"एक लक्षात ठेव," निघताना तो म्हणाला. "हे किडे पाखरांच्या रक्तावर जगतात. तू आत्ता त्यांना चवीपुरता आहेस. पाखरं उडाली की मग त्यांना कोण उरतं?"

"कोण?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि टाकी पाठीला लावली.

दुसऱ्या सोमवारी मी सकाळपासूनच आलं किसून ठेवलं होतं. दशरथने पुन्हा फिनेल टाकलं, पाणी मारलं, पुठ्ठ्याला कान लावला. "पंख फडफडवतायत. आठवड्यात जातील." मी बिस्किटं पुढे केली. त्याने त्याच्या मुलीचा फोटो दाखवला, नर्सिंगला आहे. मी त्याला भाच्याचा फोटो दाखवला. फोटोत भाचा आईच्या मांडीवर होता आणि त्याच्या मुठीत तिची वेणी होती.

"छान आहे बाळ," दशरथ म्हणाला. "पकड चांगली आहे."

आणि मग तो रविवार, जो झालेला नाही असं आपण समजलो होतो.

पहिलं पिल्लू भोकाच्या तोंडाशी आलं आणि दुसरं काहीच न करता पडल्यासारखं उडालं. दुसरं त्याच्या मागोमाग. तिसरं, उशिरा विनोद कळणारं, बरंच थांबलं. त्याची आई समोरच्या गुलमोहरावरून ओरडत होती. ग्रिलमध्ये चेहरा घालून मी त्याला म्हणालो, "तुला हवं तर राहा." मोठ्याने म्हणालो. माझा आवाज मलाच जुना वाटला. त्याने माझ्याकडे एका डोळ्याने बघितलं आणि गेलं. गुलमोहरावर पाच साळुंक्या जरा वेळ भांडल्या, मग मुलुंडच्या बाजूला उडाल्या. मागे वळून वगैरे कुणी पाहिलं नाही. पक्ष्यांना मानेची अडचण नसते, त्यामुळे ते मुद्दामच होतं.

अकरा वाजता फोन वाजला.

"रांगायला लागला रे," आई म्हणाली. "थांब, दाखवते. अरे, पडद्यामागे गेला."

"आई, इथे एक गंमत झाली."

"सांग. हां, ऐक आधी, विसरेन मी. ती गुंतवळीची पिशवी आहे ना, केसवाली आली की देऊन टाक."

मी भोकाकडे बघितलं. "तू स्वतः सौदा करणार होतीस."

"काय देईल ते घे. चमचा दिला तर चमचा. किती दिवस लोंबत ठेवायची ती?"

"पातेलं घ्यायचं होतं ना?"

"अरे बाबा, इथे लावलीय मी नवीन पिशवी. रेवतीच्या बाल्कनीत. बरीच भरली पण." मागे बाळ रडलं. "चल, ठेवते. गंमत काय म्हणत होतास?"

"काही नाही. फॅन बसवायचाय."

"बसव बाबा एकदाचा," ती म्हणाली.

त्या दुपारी घरट्यातले उरलेले सगळे किडे खाली उतरले. आता ओळखीपाळखीचा प्रश्नच नव्हता. पाठ, पोट, पोटऱ्या. मी टेबल हलवलं नाही. एका ग्राहकाने लिहिलं, 'तुमच्याकडे कुणी जिवंत माणूस आहे का?' मी खाजवत खाजवत उत्तर दिलं, 'होय, मी आपल्या सेवेत आहे.'

सोमवारी दशरथ आला, माझ्या मानेकडे बघून "वाट लागली तुझी," म्हणाला आणि हातमोजे घातले. पुठ्ठा काढला. दोन्ही हात भोकात घालून त्याने घरटं अख्खं बाहेर आणलं. काळे केस, पांढरे केस, मेंदी लावायची त्या काळातले लालसर केस, मध्ये दुधाच्या पिशवीच्या चिंध्या. आतून वाटीसारखं गोल, गुळगुळीत. केसवालीने या वाटीला नाक मुरडलं नसतं.

"जाळून टाकतो," दशरथ म्हणाला.

"नको."

"भाऊ, किड्यांनी भरलंय हे."

"द्या इकडे."

मग त्याने घरटं एका पिशवीत घातलं, दुसरीत घातलं, वर गाठ मारली. "फ्रीजर आहे? आठ-दहा दिवस ठेव आत. किडे मरतील."

"आणि केस?"

"केसांना काय होतंय."

मी मटार बाजूला सरकवले आणि घरटं आत ठेवलं. दशरथने या वेळी खरं औषध मारलं, भिंतीला, टेबलाला, भोकाला. मग चहा प्यायला. सावकाश प्यायला, हे त्याचे उपकार.

"चौथा डोस नसतो?" मी विचारलं.

"नसतो. कोर्स संपला."

"आणि ढेकूण परत आले तर?"

"तुझ्याकडे ढेकूण नव्हतेच, भाऊ," तो म्हणाला, माझ्या खांद्यावर थाप मारली, हातमोजा काढून, आणि गेला. लिफ्टमध्ये त्याच्याबरोबर उत्तराकाकू शिरल्याचा आवाज आला. म्हणजे मी आता स्वच्छ होतो.

संध्याकाळी दाराखालून पितळेकाकांचा फॉर्म आला. 'कीटक निर्मूलन पूर्तता प्रपत्र.' सदर कीटक नष्ट झाले काय? हो. भिंतीतील भोक सोसायटीच्या गवंड्याकडून बुजवून घेण्यास संमती आहे काय? इथे मी काही लिहिलं नाही. सदनिकेत राहणाऱ्या व्यक्तींची संख्या? सवयीने 'दोन' लिहिलं. खोडावं म्हणून पेन टेकवलं, आणि तसंच उचललं. सगळ्यात खाली बारीक अक्षरात होतं, 'अन्य विनंती असल्यास.' पुढे दोन रेघा सोडल्या होत्या. मला त्या पुरल्या नाहीत, मी मागच्या बाजूला गेलो.

'मा. सेक्रेटरी यांस,

सोबत: घरटे, नग एक (गोठविलेले).

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती करण्यात येते की, सदनिका क्र. ३०४ मधून दि. १८ मे रोजी झालेले तीन पिल्लांचे उड्डाण, तसेच त्याच सदनिकेतून दि. १२ सप्टेंबर रोजी झालेले माझ्या आईचे नागपूरकडे प्रस्थान, ही दोन्ही प्रकरणे आगामी मासिक सभेपुढे ठेवून, ती घडलीच नाहीत असे पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करण्यात यावे, आणि तोपर्यंत भोक आहे तसे उघडे ठेवण्यास परवानगी मिळावी.'